लिप सिंक (आवाजाप्रमाणे ओठ हलणं) जुळत नाहीये, परवा सबमिशन. मदत हवी आहे

चिंगळी: असाइनमेंटसाठी दिलेल्या ऑडिओवर कॅरेक्टरला बोलायला लावायचंय. सुरुवातीची वाक्यं चपखल बसतात, मग तोंड मागे पडत जातं. शेवटी आवाज संपतो आणि हा बाबा बोलतच असतो. लवकर सांगा प्लीज.

ढवळाढवळ: कोणतं सॉफ्टवेअर? एफपीएस, म्हणजे सेकंदाला फ्रेम्स, किती? ऑडिओ एमपीथ्री की वेव्ह?

चिंगळी: ब्लेंडर. एमपीथ्री. एफपीएस होता तोच आहे.

ढवळाढवळ: "होता तोच" म्हणजे कितीचा? 24 ला कीज (कोणत्या फ्रेमला तोंड कसं, त्या खुणा) लावून नंतर 30 केलं असेल तर 240 व्या फ्रेमची की दहाव्याऐवजी आठव्याच सेकंदाला येणार.

निवांत_नाना: मग तोंड पुढे पळेल हो. ती मागे पडतंय म्हणतेय.

काडेपेटी: हाताने करत बसायचंच कशाला? रूबार्ब हे लिप सिंकचं सॉफ्टवेअर फुकट आहे. वेव्ह फाइल द्या, कोणत्या सेकंदाला कोणतं तोंड ते काढून देतं. क्लिप मराठी असेल तर रेकग्नायझर (आवाज ओळखणारा भाग) फोनेटिक, म्हणजे नुसत्या ध्वनींवर चालणारा, ठेवा, मूळचा इंग्रजीसाठी आहे.

रेघोट्या: आणि मग कॅरेक्टर माशासारखं उघडझाप करतं. हनुवटीखाली हात धरून वाक्य म्हणा, जबडा जितक्या वेळा खाली येतो तेवढीच मोठी उघडझाप. प, ब, म ला ओठ मिटलेच पाहिजेत, बाकीची निम्मी अक्षरं गाळली तरी चालतं.

काडेपेटी: फ राहिला. तोही ओठ मिटूनच.

रेघोट्या: "फोन" म्हणताना कोण ओठ मिटतं आता? खालचा ओठ दातांना लागतो. क्लिपमधला माणूस कसा म्हणतो ते ऐका आणि तसं करा.

काडेपेटी: आमच्याकडे "फूल" म्हणताना मिटतात.

निवांत_नाना: फ चं नंतर बघा. चिंगळी, हे रेंडर केल्यावर (तयार व्हिडिओत) दिसतं की व्ह्यूपोर्टमध्ये (कामाच्या खिडकीत) प्ले करताना?

चिंगळी: प्ले करताना. रेंडर कुठे केलंय अजून! आणि डाव्या कोपऱ्यात लाल आकडा येतो, त्याचा काही संबंध?

निवांत_नाना: तोच तर संबंध. फ्रेम रेट गाठता येत नसला की आकडा लाल होतो. समजा 24 हवेत आणि मशीन 14-15 च दाखवतंय, आवाज मात्र आपल्या वेगाने पुढे जातो. टाइमलाइनच्या प्लेबॅक मेनूत सिंक "प्ले एव्हरी फ्रेम" वर असेल, ते "सिंक टू ऑडिओ" करा. मधल्या फ्रेम्स गाळल्या जातील, पण वेळ खरी दिसेल. तिथेच ऑडिओ स्क्रबिंगही (टाइमलाइनवर सरकताना आवाज ऐकू येणं) चालू करा.

चिंगळी: केलं. आता पहिला भाग ठीक, पण पुढे तोंड आवाजाच्या आधीच हलतंय!! आणखी बिघडलं.

ढवळाढवळ: पुढच्या कीज सरकवल्या होत्यास का?

चिंगळी: हो, मागे पडत होतं म्हणून अलीकडे घेतल्या होत्या. ते सांगायचं असतं का?

निवांत_नाना: 😀 फोल्डरमध्ये त्याच नावाची .ब्लेंड1 फाइल असेल, आधीच्या सेव्हची. आता सेव्ह न करता ती उघडून बघा. तीही सरकवल्यानंतरचीच निघाली तर डोप शीटमध्ये (सगळ्या कीज दिसतात ती खिडकी) तेवढ्या कीज सिलेक्ट करून कीबोर्डवरचं G दाबून परत उजवीकडे न्या. ऑडिओ स्ट्रिपवर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) दाखवायला लावा, ओठ मिटायची जागा बरीचशी डोळ्यांनीच सापडते.

रेघोट्या: परत नेताना तोंड आवाजाच्या एकदोन फ्रेम आधी ठेव. अगदी नेमकं बसवलं तरी उशिरा वाटतं.

चिंगळी: जुनी फाइल मिळाली!! चालतंय. म्हणजे एकदोन फ्रेम सगळ्याच कीज का?

रेघोट्या: तोंडाच्या सगळ्या. डोळे-भुवया वेगळ्या, त्या आणखी आधी.

मुक्काम_पोस्ट: चालताना पाय घसरतात त्यावर आयके (पाऊल जागेवर धरून पाय वाकवायची सोय) वापरून बघा, माझा प्रश्न सुटला होता.

काडेपेटी: चालतंय कोण इथे?