नियम वाचायला दर महिन्याला पैसे का भरायचे?

रंकाळ्याचा_रॉग
राजारामपुरीतल्या आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डीअँडडी, टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) ग्रुपला डीएम, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, बदलून मिळाला आणि आल्या आल्या फर्मान निघालं: प्रत्येकी महिन्याला शंभर काढा, डीअँडडी बियाँड या खेळाच्या अधिकृत साइटचा मास्टर प्लॅन (महिन्याची वर्गणी) घ्यायचाय. माझा विरोध आहे. शंभर रुपयांचं काही नाही, तेवढे मिसळीवर उडतात.

१९७४ साली हा खेळ तीन छापील पुस्तिकांवर सुरू झाला. ज्यांच्याकडे त्या आहेत ते आजही खुशाल खेळू शकतात, कुणाला विचारायला नको. आता चौथी आवृत्ती बघा. २००८ ला आली, सोबत डीअँडडी इनसायडर नावाचं सबस्क्रिप्शन. कॅरेक्टर बनवायचं टूल, नियमांचा सगळा साठा, मासिकं, सगळं त्यातच. टूल चालायचं सिल्व्हरलाइट या ब्राउझरमधल्या प्लगइनवर. सिल्व्हरलाइटचे दिवस भरले आणि २०२० उजाडताना इनसायडरला टाळं लागलं. इतकी वर्षं पैसे भरलेल्यांनी आता काय उघडायचं?

बरं, बियाँडवर महिन्याचे पैसे भरले म्हणून पुस्तकं मिळतात असंही नाही. पुस्तक वेगळं विकत घ्यायचं. वरचे पैसे कशाचे, तर ते विकतचं पुस्तक आपल्याच ग्रुपमधल्या पोरांना दाखवण्याचे. बोला आता.

तांबडा_ट्वेंटी
मग नको भरू की लका, कोण मागं लागलंय?

पण हिशेब पूर्ण मांड. छापील प्लेअर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमांचं पुस्तक) ५० डॉलरच्या आसपास. पाच जणांनी पाच घ्यायची म्हटली तर चपला विकाव्या लागतील. एकानं डिजिटल घेतलं आणि मास्टर प्लॅन भरला, की त्या कॅम्पेनमधले, म्हणजे त्या चालू खेळातले, सगळे वाचणार. प्लॅन महिना ५.९९ डॉलर, टॅक्स धरून सहाशेच्या घरात. वाटून घेतलं तर काय राहतंय त्यात?

आणि टेबलावर बसून बघ जरा. डीएमचा लिच (मेलेला जादूगार) फायरबॉल टाकतोय, आपला विझार्ड ओरडतोय "काउंटरस्पेल!", म्हणजे समोरच्याची जादू मोडायचा मंत्र, आणि मग पुस्तकाची पानं चाळत सगळी गप. फोनवर नाव टाकलं की नियम समोर. लढाई थंड होत नाही.

रंकाळ्याचा_रॉग
बरं झालं काउंटरस्पेल काढलंस. २०१४ च्या नियमात तिसऱ्या किंवा खालच्या लेव्हलचा स्पेल (मंत्र) थेट मोडायचा. २०२४ च्या नियमात समोरचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मारतो, म्हणजे तब्येतीच्या जोरावर फासा टाकतो, वाचला तर वाचला. ऑगस्ट २०२४ मध्ये खेळ काढणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं होतं की बियाँडवरच्या शीटमधले (पात्राची माहिती असलेलं पान) जुने स्पेल काढून त्या जागी नवे येतील. ज्यांनी जुनं पुस्तक पैसे मोजून घेतलं होतं त्यांचेसुद्धा. लोकांनी शिमगा केला तेव्हा काही दिवसांत माघार घेतली. माझ्या कपाटातल्या पुस्तकातला काउंटरस्पेल कुणी बदलून दाखवावा.

पंचगंगाकाठ
कपाटाचं कौतुक आम्हाला सांगू नका. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. २०१९ च्या ऑगस्टात पाणी खालच्या मजल्यावर शिरलं. आधी गॅस सिलिंडर आणि आजीची औषधं वर नेली, पुस्तकं कुणाच्या डोक्यात? पाणी उतरल्यावर मॉन्स्टर मॅन्युअल (खेळातल्या राक्षसांचं पुस्तक) फुगून दुप्पट झालेलं, गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटून एकच ठोकळा. सोडवायला गेलं की चित्राचा रंग समोरच्या पानावर. डाइस तेवढे धुऊन घेतले. ऑनलाइन घेतलेलं मात्र चिखल काढून झाल्यावर फोनवर जसंच्या तसं होतं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. आता मी जाड पुस्तक घेत नाही, कुणी काही म्हणो.

रंकाळ्याचा_रॉग
वाईट झालं, खरंच. पण यावर उपाय पीडीएफ आहे. पैसे एकदाच, कॉपी ड्राइव्हवर. पायझो कंपनी पाथफाइंडर या असल्याच दुसऱ्या खेळाच्या पीडीएफ विकतेच की. डीअँडडीच्या आताच्या मूळ पुस्तकांची अधिकृत पीडीएफ का मिळत नाही, ते विचारा.

वर्गणीदार
आमच्यात काय झालं ते ऐका. चौघांनी वर्गणी काढून पुस्तकं घेतली, अर्थात डीएमच्या अकाउंटवर. त्याला पुण्यात नोकरी लागली, तिकडं नवा ग्रुप जमला, मास्टर प्लॅन त्यानं बंद केला. पुस्तकं त्याला दिसतात, आम्हाला नाही. दुसऱ्या अकाउंटवर हलवता येत नाहीत. मागायला फोन केला तर म्हणतो, "तुम्ही या की पुण्याला."

तांबडा_ट्वेंटी
हे भांडण त्या पठ्ठ्याशी, सबस्क्रिप्शनशी नाही. मंडळाचा खजिनदार हिशेब देईना म्हणून कुणी गणपती बसवायचं थांबवतं का?

फुकट_फौजदार
दोघंही उगाच तापताय. जानेवारी २०२३ मध्ये ओपन गेम लायसन्सवरून (खेळाचे नियम वापरायला इतरांना दिलेला परवाना) राडा झाला, लोकांनी धडाधड सबस्क्रिप्शन रद्द केली, आणि महिना संपायच्या आत कंपनीनं एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा संच) क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे कुणीही वापरावा अशा परवान्यावर, सोडला. आता तो परत घेता येत नाही. २०२५ मध्ये नव्या नियमांचा ५.२ पण तसाच आला. उतरवून घ्या, छापा, बाइंडिंग करा. पाथफाइंडरचे नियम तर आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर फुकट, तेही पायझोच्या संमतीनं. तरी पायझोची पुस्तकं खपतात.

तांबडा_ट्वेंटी
एसआरडीत प्रत्येक क्लासला (पात्राचा पेशा) सबक्लास (त्यातली शाखा) एकच. तुझा बार्ड (शाहीर) जन्मभर कॉलेज ऑफ लोअरमध्येच शिकणार काय?

मास्तरीणबाई
हे सगळं माझ्यावरूनच, तुमच्या नव्या डीएमवरूनच चाललंय, तर मीच बोलते. रॉग, सेशनच्या आदल्या रात्री नकाशे, एनपीसी (मी चालवते ती पात्रं), तुमची उलटीसुलटी बॅकस्टोरी हे सगळं मी बघते. त्याचे पैसे कधी मागितले नाहीत. सहा जणांच्या शीट अपडेट करायला टूल हवंय, एवढंच. कार्डावरून दर महिन्याला परदेशी पैसे कापायचे म्हटलं की माझी बँक हमखास नकार देते, २०२१ चे ऑटो-पेमेंटचे नियम आल्यापासून हेच चालू आहे. म्हणून मी वर्षाचे एकदम भरणार आणि तुमच्याकडून हप्त्यानं घेणार. कंपनी उद्या काय करेल ते मला माहीत नाही. मला रविवारचा खेळ चालवायचाय.

वर्गणीदार
ताई, मुद्द्याचं सांगा. पुस्तकं कुणाच्या पैशानं?

मास्तरीणबाई
माझ्या. आधीच घेतलीत. मागितलेत ते फक्त प्लॅनचे.

वर्गणीदार
मग माझी हरकत नाही. पण हे रॉगला आधी सांगितलं होतं का?

रंकाळ्याचा_रॉग
नव्हतं सांगितलं. ताई, मग शंभर देतो, पण माझी शीट कागदावरच राहणार आणि काउंटरस्पेल २०१४ चाच.

मास्तरीणबाई
कागद चालेल. काउंटरस्पेल चालणार नाही.