मदत हवी आहे: सणाच्या एका दिवसात आईचं वजन २ किलो वाढलं

नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची आहे. ४ महिने भाकरी-भाजी मोजून खाऊन तिने ५ किलो वजन उतरवलं. होळीला माहेरी गेली आणि मामीने आग्रह करकरून वाढलं. तुपात भिजलेल्या ३ पुरणपोळ्या, कटाची आमटी, कुरडया, रात्री पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी काटा २ किलो पुढे! बोटातली अंगठी फिरेना, साबण लावून काढावी लागली. तेव्हापासून ती नुसत्या ताकावर आहे. आज दुसरा दिवस, चेहरा पार उतरलाय.

मी समजावतेय की ही चरबी नव्हे. १ किलो चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त लागतात. २ किलोंना त्याच्या दुप्पट. तेवढं तिने खाल्लेलंच नाही. जास्तीची साखर आधी यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि त्याच्या दर ग्रॅममागे ३ ग्रॅमच्या आसपास पाणी धरलं जातं. आमटी-कुरडयांतलं मीठही पाणी अडवतं. पण तिला पटत नाही. ‘सगळी मेहनत वाया गेली’ एवढंच म्हणते, आणि ते ऐकवत नाही.

असं जेवण झाल्यावर तुमचा काटा किती दिवसांत पूर्ववत झाला? नेहमीचं जेवण चालू ठेवून, की लंघन करून? तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्याबद्दल डॉक्टरांना उद्या विचारतेच आहे. कुणी आहारतज्ज्ञ असतील तर कृपया लिहा, तिला वाचून दाखवेन. माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल.