दुर्बिणीने मुतखडा काढण्याआधी दिलेल्या गोळीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही यावल तालुक्यात राहतो. माझ्या वडिलांच्या (वय 61) डाव्या मूत्रवाहिनीत 9 मिमीचा मुतखडा आहे. गेल्या आठवड्यात जळगावला तो दुर्बिणीने काढायला घेतला, तेव्हा नळी इतकी अरुंद निघाली की दुर्बीण वर सरकेना. जोर लावून नळीला इजा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत काही दिवस ठेवायची बारीक लवचिक नळी) टाकून थांबणे पसंत केले, आणि तो निर्णय मला योग्यच वाटतो.

दोन आठवड्यांनी पुन्हा प्रयत्न होणार असून तोवर रात्री जेवणासोबत सिलोडोसिन 8 मिग्रॅ सुरू आहे. या गोळीने मूत्रवाहिनीचे स्नायू सैलावतात आणि दुर्बीण चढणे सोपे जाते. मात्र वडिलांना रक्तदाबाची गोळीही चालू आहे. परवा पहाटे लघवीसाठी खाटेवरून उठताच त्यांना घेरी आली आणि दाराची चौकट धरून ते तसेच उभे राहिले. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही करायची आहे, आणि सिलोडोसिनच्या गटातल्या गोळ्यांचा परिणाम डोळ्याच्या बाहुलीवर होत असल्याने नेत्रतज्ज्ञांना हे आधीच सांगणार आहोत.

गोळी आम्ही मनाने बंद करणार नाही. घेरीचे उद्या डॉक्टरांच्या कानावर घालणारच आहे, पण ज्यांच्या घरी असे झाले, त्यांना औषध बदलून मिळाले का, आणि दुसऱ्या वेळी दुर्बीण सहज गेली का, हे कृपया कळवावे.