गाडीत पेनड्राइव्ह वाजत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबांच्या जुन्या कॅसेटींवरची भजनं, नाट्यगीतं महिनाभर खपून कॉम्प्युटरवर उतरवली, फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल-प्रकार). ६४ जीबीच्या नव्या पेनड्राइव्हवर टाकून २०१४च्या गाडीत लावली, तर स्टिरिओ नुसता ‘नो फाइल’ म्हणतो. जुना ८ जीबीचा, एमपीथ्री भरलेला, मात्र मुकाट वाजतो! नव्याचं फॉरमॅट (फाइली साठवायची पद्धत) एक्सफॅट आहे, जुन्याचं फॅट३२. माझं विंडोज १० तर ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्यायच दाखवत नाही. मग फॉरमॅट कशाने करू? की खोट फ्लॅकची, आणि सगळं ३२० केबीपीएस एमपीथ्री करावं लागेल?

शिवाय जुन्यात गाणी नावाप्रमाणे न लागता कॉपी केलेल्या क्रमाने लागतात. काल गाडी सुरू केली आणि पहिलीच भैरवी! बाबा म्हणाले, “उतरू का मग?”

शनिवारी पंढरपूरला निघायचंय. कुणी हे केलंय का?