मदत हवी आहे: सभासदांच्या चौकशी समितीला संचालक कागदच दाखवत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आमच्या भागातल्या ३१८ शेतकऱ्यांची बेदाण्याची उत्पादक कंपनी आहे. कंपनीचं आणि गावाचं नाव देत नाही. अजून काही सिद्ध झालेलं नाही, आणि ज्यांच्यावर आरोप आहेत ती माणसं रोज समोर भेटतात.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मोठा गोंधळ झाला. शेवटी आयत्या वेळच्या विषयात, हात वर करून, पाच सभासदांची चौकशी समिती नेमली गेली. त्या पाचात मी आहे. दोन महिने झाले, एक कागद हातात आलेला नाही.

आरोप तीन आहेत. कंपनी ज्या कोल्ड स्टोरेजला भाडं भरते ते एका संचालकाच्या घरच्यांचं आहे आणि दर शेजारच्या स्टोरेजपेक्षा जास्त आहे, हा पहिला. दुसरा, ताळेबंदात 'येणे' म्हणून एक मोठी रक्कम तीन वर्षं तशीच पडून आहे. ती दोघा संचालकांनी घेतलेली उचल आहे, असं लोक म्हणतात.

तिसरा आरोप सगळ्यांच्या जिव्हारी लागलाय. एकाच दिवशी, एकाच सौद्यात (लिलावात), एकाच प्रतीच्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, संचालकांना वेगळ्या दराची आणि सभासदांना वेगळ्या दराची. वर आमच्या मालाला वजनात तूट लावलेली, त्यांच्या मालाला नाही. चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा कुठे किलोभर बेदाणा हातात येतो. त्यातनं पंधरा किलोच्या पेटीमागे पाव-अर्धा किलो गेला, तर वर्षाच्या हिशोबात पोराची फी जाते. माझ्याकडे माझ्या आणि चुलत्यांच्या मिळून अकरा पट्ट्या आहेत. संचालकांची मात्र एकच पट्टी आहे, तीही मोबाईलवर काढलेला फोटो. एवढ्यावर मी कुणाला चोर म्हणणार नाही.

आम्ही कंपनीला पत्र दिलं. उत्तर तोंडी आलं : "तुमची कमिटी कुठल्या कायद्यानं आली? विषयपत्रिकेवर विषयच नव्हता." मग सांगलीला उपनिबंधक कार्यालयात गेलो. सहकारी संस्थेतली कलम ८३ ची चौकशी आणि ८८ ची जबाबदारी निश्चिती आपल्याकडे चावडीवरच्या माणसालाही ठाऊक असते, तसंच काही असेल असं वाटलं. तिथे कळलं, ही कंपनी आहे, सहकार कायदा हिला लागू नाही.

अवघड वाटतं ते वेगळंच. आमच्या अध्यक्षांना मी लहानपणापासून तात्या म्हणतो. शेडवर रॅक कसे बांधायचे, वाळवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवतात त्या डिपिंगचं प्रमाण कसं धरायचं, हे मला त्यांनी शिकवलं. कंपनी काढताना रात्री-अपरात्री दारोदार फिरून शेअर त्यांनीच गोळा केले; वडिलांनी दहा हजार दिले ते त्यांच्या शब्दावर. ते दोषी नसतील तर तसं कागदावर यावं, असतील तर तेही यावं. सध्या दोन्ही होत नाही आणि गावात दोन तट पडलेत.

समितीला खरंच काही अधिकार आहे का? कुठले कागद आम्ही हक्कानं मागू शकतो? आणि चौकशी कशी करावी, की उद्या कुणी ती एकतर्फी म्हणून फेकून देणार नाही?

रानवारा
दादा, दोन महिने वाट बघितलीत तेच खूप झालं. सरळ आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या आणि पेपरला बातमी. पत्रं लिहून कुणी कागद देत नसतं.

इतिवृत्त
मी कंपनी सचिव आहे, अशा काही कंपन्यांचं काम बघते.

आधी नकोशी गोष्ट सांगते : संचालकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सहकारी संस्थेत चालून जातं, पण कंपनीच्या सभेत नोटिशीत नसलेला असा विषय आयत्या वेळी घेऊन केलेला ठराव टिकत नाही. समितीचा पायाच कच्चा आहे, तो आधी पक्का करा.

उत्पादक कंपन्यांची तरतूद आता कंपनी कायदा २०१३ च्या २१-अ प्रकरणात आहे. एकूण सभासदांपैकी एक तृतीयांश जणांनी विषय लिहून, सह्या करून मागणी केली, तर संचालक मंडळाला विशेष सभा बोलवावी लागते. तुमच्याकडे १०६ सह्या लागतील. मागणी मिळाल्यापासून २१ दिवसांत त्यांनी हालचाल केली नाही, तर सह्या करणारे स्वतः सभा बोलवू शकतात, मात्र मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एक चतुर्थांश, म्हणजे ८०. इथे जपा. मागणीवरून बोलावलेल्या सभेत कोरम भरला नाही, तर ती पुढे ढकलली जात नाही, रद्द होते. त्यामुळे काढणी सुरू व्हायच्या आत तारीख धरा. शेअर कितीही असले तरी तुमच्यात माणशी एकच मत, ही मोठी जमेची बाजू आहे.

ठरावात समितीची कामं, मुदत आणि 'कंपनीने हे हे कागद द्यावेत' हे नावानिशी लिहा. संचालकांना काढण्याचा विषय याच सभेत घालू नका. चौकशीआधी शिक्षा ठरवली असा त्याचा अर्थ होतो.

सभेची वाट न बघता, साधे सभासद म्हणून आजही काही गोष्टी मिळतात. सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं कामाच्या दिवशी नोंदणीकृत कार्यालयात बघता येतात, आणि नक्कल मागितली तर सात कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. संचालकांचे हितसंबंध असलेल्या करारांचं रजिस्टरही सभासदाला खुलं असतं. कोल्ड स्टोरेजचं भाडं त्यात नोंदलंय का ते बघा. मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं आणि हिशोबाच्या वह्या मात्र सभासदाला हक्कानं बघता येत नाहीत. म्हणून तर ठराव हवा. कंपनी निबंधकांकडे दाखल झालेले ताळेबंद केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून बघता येतात.

उचलीबद्दल कायदा स्पष्ट आहे. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज किंवा आगाऊ रक्कम द्यायची तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. जुन्या इतिवृत्तांत तशी मंजुरी शोधा.

शिल्लक_जुळवा
बँकेत तपासणीचं काम तीस वर्षं केलं, तेवढ्यावरून सांगतो. पट्टीला पट्टी लावून भांडू नका, प्रत वेगळी होती असं उत्तर तयार असतं. स्टोरेजची आवक पावती, गेटपास, सौद्याची नोंद, पट्टी आणि बँकेत जमा झालेली रक्कम, ही साखळी लॉट नंबरवरून जुळवा. स्टोरेजमधनं बाहेर पडतानाचं वजन आणि पट्टीवरचं वजन यातला फरक म्हणजे खरी तूट. आधी स्वतःच्या अकरा पट्ट्यांची साखळी पूर्ण करा, ते कागद तर तुमचेच आहेत. आणि समितीतल्या कुणाचं कंपनीकडे देणं असेल किंवा कुणी पुढच्या वेळी संचालक व्हायला इच्छुक असेल, तर त्यानं आताच बाजूला व्हावं.

धागाकर्ता
इतिवृत्त ताई, शिल्लक_जुळवा सर, मनापासून आभार. समितीतल्या एकाने मागच्या निवडणुकीत अर्ज भरला होता. काल रात्री त्यांच्याशी बोललो. आधी चिडले, मग स्वतःच म्हणाले, माझ्या जागी दुसरा घ्या. रानवारा दादा, पेपरला द्यायचं मनात नाही. बातमीनं बाजारात आमच्याच मालाचं नाव जाईल.

एक राहिलं. सभा बोलावली नाही किंवा ठराव होऊनही कागद दिले नाहीत, तर पुढे काय?

इतिवृत्त
पुण्यातल्या कंपनी निबंधकांकडे तक्रार करता येते, कंपनीकडून माहिती आणि वह्या मागवायचा अधिकार त्यांना आहे. त्यापुढे मुंबईचं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण. गैरव्यवस्थापनाच्या अर्जाला शंभर किंवा एक दशांश सभासद, जे कमी ते. तुमचे ३२ पुरतात. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. उत्पादक कंपनीतले वाद आधी समेटानं किंवा लवादानं सोडवायची तरतूदही कायद्याच्या त्याच २१-अ प्रकरणात आहे, तिचा विचार जरूर करा. आणि प्रत्येक संचालकाला आरोप लेखी द्या, उत्तराला पुरेसे दिवस द्या, आलेलं उत्तर अहवालाला जसंच्या तसं जोडा.

धागाकर्ता
सह्या सुरू केल्या. आज संध्याकाळपर्यंत ६४ झाल्या. प्रश्नांचा कागद तयार आहे. तो कार्यालयात देऊन पोच घेणारच, पण त्याआधी एक प्रत घेऊन मी तात्यांच्या घरी जाणार आहे. त्यांना हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये.