दाब... धर... सोड! अंगणात जीप खोलल्याचे अनुभव

काळीमाती:
बाबांचा उजवा हात गेल्या पावसाळ्यापासून नीट चालत नाही. झटका आला होता. परवा व्यायाम शिकवायला येते त्या पोरीनं त्यांच्या मुठीत स्पंजाचा चेंडू दिला आणि म्हणाली, "दाबा... धरा... सोडा." बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही इतके हसलो की ती बिचारी गोंधळली.

आमच्याकडे लिलावातून घेतलेली महिंद्राची एमएम 540 जीप होती. यवतमाळला मिस्त्रीकडे टाकायची म्हणजे दिवस जाणार आणि पैसे वेगळे, म्हणून सगळी खोलाखोली अंगणात, निंबाखाली. ब्रेकचं पेडल गादीसारखं आत जायला लागलं की समजायचं, लाइनीत हवा शिरली. ती काढायला दोन माणसं लागतात. बाबा चाकाशी, मी आत. नऊ वर्षांची होते, सीटवर बसून पाय पुरत नसे, म्हणून स्टेअरिंग धरून पेडलवर चक्क उभी राहायचे. "दाब." दाबायचे. "धर." मग ते चाकाशी असलेलं निपल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, सैल करायचे, पेडल माझ्या पायाखाली बुडत जायचं आणि निपलला लावलेल्या सलाईनच्या नळीतून बुडबुडे शिशीत उतरायचे. निपल आवळून झालं की "सोड." आवळायच्या आधी पाय उचलला तर हवा परत आत आणि सगळी मेहनत पाण्यात.

एकदा मुंगळा चावला आणि मी पाय उचलला. बाबा काही बोलले नाहीत. पान्यानं रिमवर दोनदा ठोकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तुमच्याकडेही असं काही झालंच असेल. लिहा. जिप्सीवाले चालतील. ट्रॅक्टरवाल्यांनी ट्रॅक्टरचं पुराण लावू नये ही विनंती.

तुरीचंवरण:
काकाजींना लवकर आराम पडो. जेवण डाव्या हातानं करतात का? आमच्या मामंजींच्या चमच्याच्या दांडीला जुनं कापड गुंडाळून जाड केलं होतं, मग मुठीत बसायचा. जीपमधलं मला काही कळत नाही, पण ते पेडलवर उभं राहणं वाचून छान वाटलं.

पानापेंचिस:
कोणत्या चाकापासून सुरुवात करत होते? मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो) सगळ्यात लांबचं आधी, म्हणजे आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत डावं मागचं. शिशीत थोडं ब्रेक ऑइल आधीच घालून नळीचं टोक त्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे चुकलं तरी हवा ओढत नाही.

आमच्याकडे वेगळंच झालं. चुलतभावानं ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून डब्यातलं इंजिन ऑइल ओतलं. "ऑइल ते ऑइलच ना!" दोन दिवसांत चारही चाकांतले रबरी कप फुगले, ब्रेक धरून बसले, ड्रम इतके तापले की वर पाणी मारलं तर चर्र वाजायचं. सगळी किटं बदलली, लाइनी धुतल्या, मास्टर सिलिंडरसुद्धा खोलला. भावाचं लग्न झालं, दोन लेकरं झाली, अजून त्याला घरी कोणी गोडेतेलाची बरणी उचलू देत नाही.

रिकामटेकडा:
"सोड" म्हणजे पाय सोड का निपल सोड? आमच्या घरी ह्याच्यावरून दोन सख्ख्या भावांत आठ दिवस अबोला होता.

काळीमाती:
@पानापेंचिस डावं मागचंच. आत्ता विचारलं तर डाव्या हातानं खूण करून दाखवली. 😄

मेळघाटी:
मी त आपल्या भाषेत लिहितो, फोनवर शुद्ध जमत नाही.
आमची डिझेल जीप धारणीहून निघाली का पाच-सहा किलोमीटरवर बंद. हवा धरे. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातानं पंप मारायचा, आधी फेस येते, मंग नुसतं डिझेल आलं का आवळायचं. पंपाचं तसंच, अन् शेवटी इंजिनात डिझेल उडवते त्या नोझलचे नट ढिले करून सेल (स्टार्टर) मारायचा. गाडी चालू. पुढं पुन्हा बंद! फिल्टर बदलला, वायशर बदलले. मिस्त्री म्हणे पंपच गेला, खर्च सांगतला तो आयकून बायको म्हणे याच्यात गाय येते.
मंग मामानं डोकं चालवलं. पाच लिटरची कॅन बोनेटवर बांधली अन् पारदर्शक नळीनं सिधी फीड पंपाले, म्हणजे टाकीतून डिझेल ओढते त्याले, जोडली. सेमाडोहपर्यंत गेलो, चूं नाही केलं गाडीनं. म्हणजे पंप चांगला, रोग टाकी अन् पंपाच्या मधात. तिथं एक रबरी नळी होती, क्लिपखाली केसाएवढी चिरलेली. डिझेलचा थेंबही गळत नव्हता म्हणून कोनाले दिसे ना. अरे, त्या बाजूनं पंप ओढते! डिझेल बाहेर नाही येत, हवा आत जाते. नळी बदलली, काम फत्ते.

झाडीपट्टी:
@मेळघाटी आमचं जवळपास असंच, पण चोर निराळा. गाडी अर्धा तास नीट चालायची मग दम तोडायची. टाकीचं झाकण उघडलं की फस्स आवाज, आणि पुन्हा चालू. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. डिझेल जातं पण त्याच्या जागी हवा येत नाही, मग टाकीतूनच ओढ बसते. सायकलच्या आऱ्यानं भोक मोकळं केलं. खर्च शून्य. माशीचं वाईट वाटलं.

मळणीयंत्र:
ट्रॅक्टरचं पुराण नको म्हणता, पण काढायला आम्हालाच बोलावता ना! शेजाऱ्याची जुनी जिप्सी पाऊस पडल्यावर पऱ्हाटीच्या धुऱ्यावर फसली. काळी माती, टायरला लाडूसारखी चिकटलेली. "फोर बाय फोर टाकलंय तरी निघत नाही, गिअरबॉक्स गेला." दोन तास खोदून थकला तेव्हा मला फोन. पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाक धुरीला जोडायचे-सोडायचे खटके, पाहिले तर दोन्ही फ्रीवर! इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत पोचतच नव्हती. हातानं फिरवून लॉक केले, पहिल्या गिअरात निघाली. ट्रॅक्टरचं डिझेल अजून दिलं नाही त्यानं.

संत्र्याचीबाग:
आजोबांची पेट्रोल विलिस होती, महिंद्रानं 1947 नंतर मुंबईत जोडायला घेतल्या त्यातली. मे महिन्यात वरोऱ्याहून येताना भर दुपारी हमखास बंद. पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची, मग पंप ओढणार काय? आजोबा दुपट्टा ओला करून पंपाला गुंडाळायचे, सगळ्यांना बाभळीखाली बसवायचे आणि स्वतः पान लावायचे. पान संपेस्तोवर गाडी तयार.
प्लगच्या वायरी काढल्या की चुकू नये म्हणून त्यांनी कोठ्याच्या भिंतीवर कोळशानं 1-3-4-2 लिहून ठेवलं होतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे कोणत्या सिलिंडरात कोणत्या क्रमानं ठिणगी पडते ते. आजीला वाटलं म्हातारा मटका लावतो. महिनाभर बोलली नाही, शेवटी भिंत सारवून टाकली.

रिकामटेकडा:
आजीनं लावून पाहायचा होता एकदा तो आकडा 😂

तुरीचंवरण:
@संत्र्याचीबाग बाग कुठं तुमची, वरुडकडे का? आंबिया बहाराची फळगळ सुरू आहे का? आमच्याकडे खूप.

संत्र्याचीबाग:
हो, तिकडेच. सुरू आहे. मेसेज करा, इथं जीपवाले ओरडतील.

काळीमाती:
सगळं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कुंभारणीवर फार खूश झाले. मुंगळ्याचं मात्र साफ नाकारतात. म्हणतात, "मुंगळा नव्हता, आईनं चिवडा खायला हाक मारली अन् तू पाय काढला." आई आतून म्हणाली, "बरोबर हाय त्यायचं."

आणि @मेळघाटी, तुमच्यासाठी बाबांचा एक प्रश्न आहे. बोलताना अजून शब्द अडकतात, पण हा पूर्ण विचारला: नळी डिझेलचीच टाकली होती ना? पाण्याची रबरी टाकली असेल तर डिझेलात फुगते, आतून पापुद्रे सुटतात आणि फिल्टर चोंदतो.

मेळघाटी:
काकाजीले नमस्कार सांगजा. पाण्याचीच टाकली होती. दोन महिन्यानं फुगली.