पटावर कंपनी सरकार: असे खेळ मांडावेत का?

सोंगटी:
गेल्या शनिवारी आमच्या गटात 'जॉन कंपनी' हा पटावरचा खेळ मांडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या जिवावर गब्बर होऊ पाहणारी इंग्रज घराणी आपण चालवायची. एका पोराला कंपनीत कारकून म्हणून चिकटवायचं, दुसऱ्याला सैन्यात घालायचं, आणि ते निवृत्त झाले की विलायतेत हवेली घेऊन गुण कमवायचे. पटावर 'मराठा' नावाचा प्रांत आहे. मुंबई इलाखा माझ्याकडे होता. मी तिथे फौज घातली, फासे मनासारखे पडले, मी टाळी वाजवली. शेजारी बसलेली मैत्रीण उठली. "गणेशखिंड इथून चालत जाण्यासारखी आहे, आणि तू टाळ्या वाजवतोयस," एवढंच म्हणून घरी गेली. गणेशखिंड म्हणजे 1817 मध्ये पेशव्यांची फौज कंपनीकडून हरली त्या खडकीच्या लढाईची जागा.

पाच दिवस हेच डोक्यात आहे. तरी माझं मत असं, की विषय क्रूर आहे म्हणून खेळ वाईट ठरत नाही. खेळ काय लपवतो ते बघावं. 2002 चा 'पोर्तो रिको' घ्या. नीळ, ऊस, तंबाखूचे मळे. जहाजातून तपकिरी चकत्या उतरतात, त्या मळ्यावर ठेवल्या की पीक येतं, मजुरी शून्य. नियमपुस्तिका त्यांना 'वसाहतकार' म्हणते. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर गुलामगिरी 1873 पर्यंत होती. हा खेळ आम्ही वर्षानुवर्षं खेळलो आणि एकदाही कोणी उठलं नाही. मला याची जास्त लाज वाटते. 'जॉन कंपनी' लुटीला लूट म्हणतो.

पानशेत:
साफ असहमत. लूट म्हटलं म्हणजे सुटलो का? सगळ्या खुर्च्या इंग्रजांच्या. मराठा प्रांत कोणीच खेळत नाही, तो पत्ते उलटले की 'घडतो'. बंगालमध्ये 1770 च्या दुष्काळात माणसं मरत होती तेव्हा लंडनला लाभांश वाटला जात होता. त्या टेबलावर मला बसायचं नाही.

आणि खेळून शहाणपण येतं हेही मला पटत नाही. लहानपणी आपण 'व्यापार' खेळायचो, त्याचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईंच्या खेळात आहे, पेटंट 1904 चं. जमीनमालक भाडं खाऊन बाकीच्यांना कसं कंगाल करतो ते लोकांना दिसावं म्हणून त्यांनी तो केला. पुढे त्यातूनच मोनोपॉली आला. आपल्यापैकी कोणाला तो जमीनदारीविरुद्धचा खेळ वाटला? मी धाकट्या बहिणीला दिवाळखोर करून घरभर नाचलो होतो. हेतू गळून जातो, गुण तेवढे उरतात.

सोंगटी:
मॅगीबाईंचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांनी नियमांचे दोन संच केले होते. एकात मक्तेदारी, दुसऱ्यात एकाची कमाई सगळ्यांना पोचायची. पुढे बाजारात गेला तो फक्त पहिला. धडा दुसऱ्या संचात होता, तो काढल्यावर राहणार कसा?

आडवी वाट:
मी स्वतः एक खेळ बनवतेय, म्हणून लिहिते. विषय महाराष्ट्रातला 1972 चा दुष्काळ. खडी फोडण्याचं काम, पाझर तलाव, सुकडी, लाल मिलो ज्वारीची भाकरी. पहिल्या मांडणीत बैलजोडी विकली की चार नाणी मिळायची. सगळ्यांनी पहिल्याच फेरीत बैल विकले, कारण हिशोबाने तेच फायद्याचं होतं. खेळायला माणदेशातला एक मुलगा होता. तो म्हणाला, "आमच्या आजीनं बैल शेवटी विकले. आधी दागिने गेले, मग भांडी." चूक माझ्या आकड्यांत होती. आता खेळ सुरू होताना बैलांची नावं कार्डावर लिहायची, आणि विकताना ते कार्ड समोरच्याच्या हातात द्यायचं. किंमत तीच, चार नाणी. लोक आता शेवटपर्यंत थांबतात.

नुसतं कपडे बदलून भागत नाही. 'पोर्तो रिको'ची 2022 ची आवृत्ती गोष्ट 1897 मध्ये नेते, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतर. पण मळे आणि चकत्यांचं गणित जवळपास तसंच आहे.

पानशेत:
बैलाची कल्पना चांगली आहे, मनापासून सांगतो. पण त्या आजींचा हंबरडा तुमच्या खेळाची चव वाढवायला वापरला जातोय, हे तुम्हाला खुपत नाही? आणि शेवटी जिंकतं कोण? ज्याच्याकडे जास्त नाणी?

आडवी वाट:
खुपतं. म्हणून जिंकणं काढून टाकलं. पावसाळा आला की खेळ संपतो, आणि गावात किती घरं उरली ते मोजायचं. तीन चाचण्यांत दोघांनी विचारलं, मग खेळायचं कशाला? त्यांना द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पुढच्या महिन्यात त्या मुलाबरोबर आजींकडे जाणार आहे. त्या 'नको' म्हणाल्या तर बैलाचं कार्ड काढीन.

सोंगटी:
मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, पुण्याच्या दरबाराची एक खुर्ची ठेवा, मग मी बसते. त्या खुर्चीचे नियम आता आम्ही दोघं लिहायला बसलोय.